पत्त्याची पाठ

आमच्या घरातल्या पत्त्यांच्या जोडात चौकटची दश्शी नव्हती. ती नेमकी कधी हरवली यावर दोन पक्ष होते. आजीच्या मते गणपतीतल्या जागरणात, आणि काकांच्या मते मी ती चघळली. काहीही असो, एका जोकरवर निळ्या बॉलपेनने ‘चौकट १०’ लिहून आम्ही मेंढीकोट चालू ठेवला. अडचण एकच होती. जोकर वर्षानुवर्षं डबीत पडून असल्यामुळे त्याची पाठ लालभडक राहिली होती आणि बाकीच्या ५१ पत्त्यांच्या पाठी हाताळून विटल्या होत्या. मेंढीकोटात दश्शीच तर पकडायची असते, आणि आमच्याकडे ती कुणाच्या हातात आहे हे पत्ते वाटतानाच चौघांनाही कळायचं.

पत्त्याच्या तोंडावर राजा असो की राणी, खेळ उभा राहतो तो पाठीच्या जोरावर. सगळ्या पाठी सारख्या असल्या तरच डाव खरा. साध्या पत्त्यांत याची कुणाला फिकीर नसते, कारण बदाम-इस्पिकला मालक नाही. एका कारखान्याचा जोड फाटला तर दुसऱ्याचा आणावा, बदामसात काही बदलत नाही. पण मालक असलेले पत्तेही जगात आहेत. त्यांचा प्रकाशक बदलला की काय होतं, याचा मी गेली दोन वर्षं पाठलाग करतो आहे. निमित्त झालं माझ्या पुण्यातल्या भाच्याचं. वय वर्षं ११, पोकेमॉनचे पत्ते खेळतो आणि जमवतो, आणि माझ्याशी बोलताना ‘विझार्ड्सच्या काळातले’ असा शब्दप्रयोग करतो, जसं आपले आजोबा ‘राणीच्या छापाचा रुपया’ म्हणायचे.

*

हा प्रकार सुरू झाला १९९३च्या ऑगस्टमध्ये. रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या माणसाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाचा खेळ रचला आणि अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिएटलजवळ, पीटर अ‍ॅडकिसन यांच्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या छोट्या कंपनीने तो छापला. कल्पना साधी आणि धंद्याच्या दृष्टीने भयंकर होती. खेळाचे सगळे पत्ते एका डबीत मिळत नाहीत. ते बंद पाकिटांतून मिळतात, पाकिटात काय निघेल ते नशिबावर, काही पत्ते मुद्दाम कमी छापलेले. जमलेल्यांतून प्रत्येकाने आपापला जोड, म्हणजे ‘डेक’, बांधायचा आणि समोरच्याच्या डेकशी भिडायचं. दर काही महिन्यांनी नवा सेट येतो, नवे पत्ते जुन्यांना भारी पडतात, पुन्हा पाकिटं घ्यावी लागतात.

पुस्तकाचा प्रकाशक बदलला तर मुखपृष्ठ बदलतं, कागद बरा किंवा वाईट होतो, किंमत वाढते. मजकूर तोच राहतो. इथे तसं नाही. इथे प्रकाशक नवे पत्ते आणतो, यंदाच्या स्पर्धेत कुठले चालतील ते ठरवतो, नियमाचा अर्थ लावतो, पंच तयार करतो, स्पर्धा भरवतो, आणि एखादा पत्ता फारच डोईजड झाला तर त्याला बंदी घालतो. म्हणजे छापखाना, क्रिकेट बोर्ड आणि रिझर्व्ह बँक एकाच छपराखाली. विकत घेणारा पैसे मोजतो ते कागदासाठी नाहीच. आज घेतलेला पत्ता उद्याही कुणीतरी पत्ता म्हणून मानेल, या भरवशासाठी मोजतो.

*

पोकेमॉनचे पत्ते १९९६च्या ऑक्टोबरमध्ये जपानात आले. रचना ‘क्रिएचर्स’ या कंपनीची, प्रकाशन ‘मीडिया फॅक्टरी’चं. इंग्रजीत ते आणायचे तर अमेरिकेत अशा पत्त्यांचा धंदा सर्वांत आधीपासून जाणणारं घर विझार्ड्सचं होतं. म्हणून त्यांना परवाना मिळाला आणि जानेवारी १९९९मध्ये १०२ पत्त्यांचा पहिला इंग्रजी संच बाजारात आला. पुढचं वेड सर्वांना ठाऊक आहे. शाळांनी पत्त्यांवर बंदी घातली, दुकानांबाहेर रांगा लागल्या, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीने विझार्ड्स सुमारे ३२ कोटी ५० लाख डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. ती रक्कम मोजताना हॅस्ब्रोच्या डोळ्यांसमोर पिकाचू नव्हता असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल.

पण पिकाचू विझार्ड्सचा नव्हताच. ते कूळ होते, जमीन दुसऱ्याची होती. पत्त्यांची रचना जपानात व्हायची. विझार्ड्सनी भाषांतर करायचं, छापायचं, विकायचं आणि खेळवायचं. भाषांतर करणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, याचा एक नमुना सांगतो, कारण तो मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतो.

२०००च्या अखेरीस ‘निओ जेनेसिस’ नावाचा सेट आला. त्यात स्लोकिंग नावाचा पत्ता होता. समोरच्याने ट्रेनर, म्हणजे मदतीचा, पत्ता टाकला की स्लोकिंगवाल्याने नाणं उडवायचं, छापा पडला तर तो ट्रेनर निष्प्रभ होऊन परत त्याच्या गड्डीवर. मूळ जपानी पत्त्यावर एक अट होती, ही शक्ती स्लोकिंग पुढे, लढतीत उभा असेल तरच चालेल. इंग्रजीत ती अट गळली. एक वाक्य गेलं आणि मागच्या बाकावर बसलेला स्लोकिंगही ट्रेनर अडवू लागला. बाकावर दोन असले तर दोन नाणी, तीन असले तर तीन. समोरच्याला हालचालच करता येईना. आता प्रश्न असा, की चूक झाली हे कबूल करून जपानी अर्थ लावायचा की इंग्रजीत जे छापलं आहे तेच प्रमाण मानायचं? विझार्ड्सनी छापलेल्या शब्दाच्या बाजूने कौल दिला आणि शेवटी स्पर्धांमधून त्या पत्त्याला हद्दपार केलं. एकाच चित्राचा पत्ता टोकियोत निरुपद्रवी आणि सिएटलला जुलमी. माझ्या एका अनुवादक मैत्रिणीला हा किस्सा सांगितला तेव्हा ती बराच वेळ हसली आणि मग म्हणाली, “मला एवढे वाचक असते तर!”

*

२००१मध्ये पोकेमॉनच्या मालकांची ‘पोकेमॉन यूएसए’ ही कंपनी उभी राहिली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, पण इथे घर फिरायला दोन वर्षं लागली. तोवर वेडाची लाट ओसरली होती. विझार्ड्स जपानात कधीही न आलेला ‘लेजंडरी कलेक्शन’सारखा जुन्या पत्त्यांचा संकलित सेट काढून तग धरत होते. त्यानंतर आले तीन सेट, ‘एक्सपिडिशन’, ‘अ‍ॅक्वापोलिस’ आणि ‘स्कायरिज’. त्यांच्या कडेला ठिपक्यांची पट्टी असायची. गेमबॉयला जोडायच्या ई-रीडर यंत्रातून ती सरकवली की काहीबाही छोटे खेळ दिसायचे. यंत्र फारसं कुणी घेतलं नाही. पट्टीने मात्र पत्त्याचा चेहरा कुरूप केला, हे माझं मत. भाचा याच्याशी सहमत नाही.

मार्च २००३मध्ये जाहीर झालं की यापुढे इंग्रजी पत्ते निन्टेन्डोच्या बाजूने, म्हणजे पोकेमॉन यूएसएकडून निघतील. त्याच महिन्यात ‘रुबी’ आणि ‘सफायर’ हे नवे व्हिडिओ गेम अमेरिकेत आले होते. नवी पिढी, नवे प्राणी, तेव्हा पत्तेही आपणच काढू, असा तो हिशोब. विझार्ड्सचा शेवटचा सेट स्कायरिज मे महिन्यात आला. तोवर मागणी बसली होती, आणि जाणाऱ्या भाडेकरूने घराला रंग काढावा तितक्याच उत्साहाने तो छापला गेला असावा. आज त्यातल्या ‘क्रिस्टल’ चॅरिझार्डसाठी लोक कर्ज काढतील. वेड ओसरतं तेव्हा छपाई घटते, छपाई घटते म्हणून पुढे वेड वाढतं. संग्राहकांच्या बाजारात हा पोरखेळ नेहमीचाच.

त्या उन्हाळ्यात ‘ईएक्स रुबी अँड सफायर’ आला आणि पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यातला विझार्ड्सचा छोटा शिक्का नाहीसा झाला. विझार्ड्सच्या काळातल्या काळ्या ताऱ्याच्या प्रोत्साहनपर पत्त्यांची मालिका ५३ क्रमांकावर थांबली. निन्टेन्डोच्या नावाने नवी मालिका पुन्हा एकपासून सुरू झाली. शक कर्त्याबरोबर बदलतो, त्यातलाच प्रकार.

ऑक्टोबरमध्ये मामला कोर्टात गेला. विझार्ड्सनी सिएटलच्या फेडरल कोर्टात दावा लावला, की आमची माणसं फोडली, धंद्याची गुपितं वापरली आणि आमच्या पेटंटचा भंग केला. हे पेटंट म्हणजे एक गंमतच आहे. १९९७मध्ये गारफिल्ड यांच्या नावे मिळालेल्या त्या पेटंटमध्ये पत्त्यांचे असे खेळ खेळण्याची पद्धतच बांधून ठेवली होती, अगदी वापरलेला पत्ता आडवा करून ठेवण्यासकट. म्हणजे पोकेमॉनचा मालक पोकेमॉनवाला, पण पोकेमॉन ज्या तऱ्हेने खेळतात त्या तऱ्हेवर हक्क सांगणारा दुसराच! जमीन याची, नांगराचं पेटंट त्याचं. डिसेंबर संपायच्या आत कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि अटी बंद लिफाफ्यात राहिल्या.

*

या भांडणात ज्याची गोष्ट कुणी केली नाही ती म्हणजे पाठ. जपानात २००१-०२च्या सुमाराला पत्त्यांची पाठ बदलली. जुन्या पाठीचे पत्ते नव्या पाठीच्या पत्त्यांत मिसळून अधिकृत स्पर्धेत खेळता येईनात. प्रकाशक मीडिया फॅक्टरीच, पण पाठ नवी. इंग्रजीत नेमकं उलटं घडलं. प्रकाशक गेला, शिक्का गेला, चेहऱ्याची मांडणी बदलली, पण निळ्या भोवऱ्यातला तो लाल-पांढरा चेंडू जसाच्या तसा राहिला. १९९९मधला आणि परवाच्या पाकिटातला इंग्रजी पत्ता पाठीमागून ओळखता येत नाही.

माझ्या मते खेळ टिकला त्याचं निम्मं श्रेय या पाठीला आहे. नव्या प्रकाशकाने पहिल्याच दिवशी झाडू मारला नाही. २००३-०४च्या मोसमात ‘एक्सपिडिशन’पासूनचे पत्ते स्पर्धेत चालत होते, म्हणजे विझार्ड्सचे शेवटचे तीन सेट नव्या दरबारातही हजेरी लावून होते. पुढच्या मोसमात ते बाहेर गेले, पण तेव्हा त्याला ‘रोटेशन’ असं रीतसर नाव होतं. जुने सेट पाळीपाळीने निवृत्त होणार हे खेळाडूंना आधीपासून माहीत असतं. २००४च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडोला जागतिक स्पर्धा भरली. ज्या पोराने मधल्या वर्षात आपला डेक कपाटात टाकला नाही, त्याला तिथवर वाट होती.

दुसरं निम्मं श्रेय जपानातल्या क्रिएचर्सला. रचना करणारे तिथेच होते, प्रकाशक बदलला तरी खेळाची चाल त्यांच्याच हातात राहिली. विझार्ड्सचं ऑफिस रेंटनला, पोकेमॉनच्या आंतरराष्ट्रीय कंपनीचं मुख्यालय आज बेलव्ह्यूला. सिएटलच्या आजूबाजूची ही दोन शेजारची गावं. बिऱ्हाड हललं ते एवढंच. पुढे मालकाने प्रकाशकाबरोबर छापखानाही घरात आणला. नॉर्थ कॅरोलिनातली मिलेनियम प्रिंट ग्रुप ही पत्ते छापणारी कंपनी त्यांनी २०२२मध्ये घेऊन टाकली. मार्च २०२४पर्यंत जगभरात छापलेल्या पोकेमॉन पत्त्यांचा कंपनीचा आकडा आहे ६,४८० कोटी. त्यात विझार्ड्सचा वाटा केवढासा! पण पहिल्या छपाईचा, निर्दोष दर्जाचा प्रमाणित चॅरिझार्ड मार्च २०२२मध्ये ४ लाख २० हजार डॉलरला गेला, तो त्यांच्या शिक्क्याचा. प्रकाशक गेला आणि त्याचा शिक्का हीच एक जात झाली. सेवेत असताना त्या शिक्क्याला एवढा मान नव्हता.

*

सगळीकडे असं निभावलं नाही. ‘यु-गि-ओह’चं घ्या. या जपानी खेळाचे मालक कोनामी, आणि अमेरिकेतले विक्रेते अप्पर डेक, हे बेसबॉलच्या पत्त्यांतलं मोठं नाव. २००८मध्ये बाजारात बनावट पत्ते सापडले, त्यांचा माग काढत कोनामी कोर्टात गेली आणि माग अप्पर डेकच्याच दारात पोहोचला. त्या वर्षाच्या अखेरीस कोनामीने खेळ काढून घेतला, डिसेंबर २००९मध्ये कोर्टाने अप्पर डेकला बनावटीबद्दल जबाबदार धरलं, आणि २०१०च्या सुरुवातीला तडजोड झाली. टांकसाळीच्या अधिकाऱ्यानेच मागच्या खोलीत खोटी नाणी पाडावीत तसं हे. खेळाडूंचं मात्र फारसं बिघडलं नाही. मालक जागेवर होता, पत्ते चालत राहिले.

मन दुखावं अशी गोष्ट आहे ‘लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज’ची. १९९५मध्ये सुरू झालेला हा खेळ रोकुगान नावाच्या काल्पनिक, जपानी धाटणीच्या साम्राज्यात घडतो. खेकडा, क्रौंच, सिंह, विंचू अशी घराणी आहेत. त्याचं वेगळेपण असं की कथा लेखक एकटे लिहीत नसत. मोठ्या स्पर्धा ज्या घराण्याचे खेळाडू जिंकतील, त्या घराण्याचं पुढच्या कथेत पारडं जड. कोण सम्राट होणार, कोण मरणार, हे कुठल्यातरी हॉटेलच्या सभागृहात पत्ते पिसून ठरायचं. लोक एखाद्या घराण्याशी वीस-वीस वर्षं इमान राखून असत. हा खेळ हातोहात फिरला. एकदा विझार्ड्सकडे गेला, परत एईजी या आधीच्या प्रकाशकाकडे आला, आणि सप्टेंबर २०१५मध्ये एईजीने तो फँटसी फ्लाइट गेम्सला विकला. नव्या मालकांनी २०१७मध्ये तो नव्याने मांडला. ठरावीक डब्यांतून मिळणारे पत्ते, पाकिटातला जुगार नाही, चित्रं सुरेख, नियम घोटीव. पण पाठ नवी, आणि कथाही पुन्हा पहिल्यापासून. जुने सगळे पत्ते एका दिवसात रद्दी.

खरं सांगायचं तर नवा खेळ जुन्यापेक्षा चांगला होता असं मला वाटतं. जुन्याचे नियम वीस वर्षांत गाठोड्यासारखे झाले होते. पण ज्याने सिंह घराण्यासाठी १५ वर्षं शनिवार-रविवार घातले, त्याला चांगला खेळ नको होता, त्याला आपला हवा होता. नव्या खेळानेही २०२१मध्ये मान टाकली.

*

मालकाला नकोसा झालेला खेळ खेळाडूंनी सांभाळला, अशीही उदाहरणं आहेत, आणि तिथे पाठीची तऱ्हा आणखी गमतीची. गारफिल्ड यांचाच दुसरा खेळ १९९४मध्ये ‘जिहाद’ नावाने आला, रक्तपिपासूंच्या डावपेचांचा. पुढच्याच वर्षी नाव बदलून ‘व्हँपायर : द इटर्नल स्ट्रगल’ झालं. नाव पाठीवर छापलेलं, त्यामुळे पाठही बदलली. विझार्ड्सनी १९९६नंतर तो सोडून दिला, व्हाइट वुल्फ या कंपनीने २००० साली उचलला, २०१०मध्ये पुन्हा बंद केला. आठ वर्षं खेळाडूंच्या संघटनेने स्पर्धा चालू ठेवल्या, स्वतः पत्ते रचून फुकट वाटले. २०१८मध्ये ब्लॅक चँट्री नावाच्या छोट्या प्रकाशकाने परवाना घेऊन तो पुन्हा छापायला घेतला. दोन पाठींच्या पत्त्यांवर खेळाडूंचा उपाय सोपा होता, सगळे पत्ते अपारदर्शक स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या खोळीत, घालायचे.

‘नेटरनर’चंही तसंच. १९९६चा गारफिल्ड यांचा खेळ, २०१२मध्ये फँटसी फ्लाइटने परवान्यावर नव्या रूपात आणला, २०१८मध्ये परवाना संपला. विझार्ड्सनी तो स्वतः काढला नाही. चाहत्यांनी संस्था काढली, आजचं तिचं नाव ‘नल सिग्नल गेम्स’. नवे सेट रचतात, हवे तर छापून मागवा, नाहीतर फाइल उतरवून घरच्या प्रिंटरवर काढा.

पण या सगळ्यांत माझा लाडका आहे डेसिफर कंपनीचा ‘स्टार वॉर्स’. १९९५ ते २००१ तो जोरात होता. मग लुकासफिल्मने परवाना काढून घेतला आणि तो विझार्ड्सकडे गेला. त्यांनी स्वतःचा निराळा ‘स्टार वॉर्स’ काढला, जो पुढे विरला. डेसिफरचे खेळाडू २००२पासून एका समितीच्या मार्फत खेळ चालवत आहेत. नवे पत्ते छापायचा हक्क नाही. म्हणून त्यांनी ‘व्हर्च्युअल’ पत्ते काढले. नव्या मजकुराची चिठ्ठी साध्या कागदावर छापायची, कापायची आणि जुन्या, कुणी ढुंकून न बघणाऱ्या पत्त्याच्या तोंडावर ठेवून दोन्ही एकाच स्लीव्हमध्ये सरकवायचे. पाठ खऱ्याची, तोंड चिठ्ठीचं. पंचवीसेक वर्षं होत आली, तो खेळ जिवंत आहे. ‘चौकट १०’ लिहिणारे आम्ही एकटे नव्हतो तर!

*

मे महिन्यात बहिणीकडे गेलो तेव्हा जाताना माळ्यावरचा बिस्किटांचा डबा नेला. २००३ हे भारतातल्या पोरांच्याही लक्षात राहिलेलं साल. कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन त्याच वर्षी सुरू झालं, वेफर्सच्या पाकिटांतून टॅझो निघू लागले. इंग्रजी पत्त्यांच्या गादीवरून सिएटलला वाद पेटला होता तेव्हा आम्ही शाळेबाहेरच्या गाडीवरून पाकिटं घेत होतो. त्यातले अकरा पत्ते डब्यात उरले होते.

भाच्याने ते एकेक करून उजेडात धरले. पुढची बाजू बघितलीही नाही. सगळे उलटे केले. निळा रंग जांभळट, कडा फिकट, चेंडू किंचित लांबट.

“मामा, बोगस आहेत सगळे.”

“माहीत आहे.”

त्याने त्यातला चॅरिझार्ड बाजूला काढला. त्याच्यावर छापलेलं इंग्रजी कुठल्याच प्रकाशकाचं नव्हतं, हल्ल्याच्या नावात दोन अक्षरं चुकलेली होती. त्याने तो पुन्हा उलटून पाहिला, मग कप्प्यातून काळ्या पाठीची एक स्लीव्ह काढली आणि माझ्यासमोर सरकवली.

“यात घाल. घरात चालेल.”